४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर कर भरा : कलम ४३बी(एच) कोणाच्या कामाचे?

यंत्रमागधारक, इचलकरंजी

२०२३च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातले आणि कर निर्धारण वर्ष २०२४-२५पासून, म्हणजे २०२३-२४च्या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून, ते लागू झाले. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा कामाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर वर्षअखेर थकलेली ती रक्कम खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही; ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले, त्याच वर्षी तिची वजावट मिळते. ही मुदत २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यात होतीच, पण ती मोडली म्हणून व्यवहारात कोणाचे काही अडत नव्हते. माझ्या मते गेल्या अनेक अर्थसंकल्पांत आमच्यासारख्यांसाठी झालेला हा सर्वांत न्याय्य बदल आहे आणि व्यापारी संघटनांच्या दबावाखाली तो सैल करू नये.

मी ग्रे कापडाचे (मागावरून उतरलेल्या, रंग-प्रक्रिया न केलेल्या कापडाचे) बिल केले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा ५ टक्के जीएसटी मला भरावा लागतो, मग समोरच्याने पैसे दिलेले असोत वा नसोत. १५ मार्चला आगाऊ आयकर भरतानाही तीच विक्री माझ्या उत्पन्नात धरलेली असते. माझा खरेदीदार मात्र तेच न दिलेले पैसे खर्चात दाखवून आपला कर कमी करत होता. एकाच बिलावर मी न मिळालेल्या पैशांचा कर भरावा आणि त्याला न दिलेल्या पैशांची वजावट मिळावी, हे इतकी वर्षे कोणाला खटकले नाही याचेच मला दुःख आहे. २०२४च्या मार्चमध्ये माझ्या एका पार्टीकडे सात महिने अडकलेल्या दोन बिलांचे पैसे एकाच दिवशी खात्यावर आले, आणि तेही वटाव (बिलातून कापली जाणारी सूट) न कापता.

घाऊक कापड व्यापारी, मुंबई

आपली अडचण खरी आहे, पण तिची किंमत ज्याच्याकडून वसूल होते आहे तोही उधारीतच अडकला आहे, हे आपण लक्षात घ्यावे. माझ्याकडून माल उचलणारे कपडे शिवणारे कारखाने आणि गावोगावचे दुकानदार ९० ते १२० दिवसांनी पैसे देतात. आम्हा व्यापाऱ्यांना २०२१पासून उद्यम नोंदणी (सरकारकडची एमएसएमई म्हणून नोंदणी) करता येते, पण ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. थकलेल्या पेमेंटचे संरक्षण आम्हाला मिळत नाही. म्हणजे देताना ४५ दिवसांचे बंधन, आणि घेताना काहीच नाही.

आकड्यांतच सांगतो. माझा व्यवसाय एकल मालकीचा आहे, म्हणून त्याचा नफा माझ्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो. समजा ३१ मार्चला मुदत उलटलेले ३० लाख रुपये यंत्रमागवाल्यांना देणे राहिले आणि मी आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, तर उपकर धरून ९ लाख ३६ हजार रुपये जादा कर भरावा लागतो. त्या ३० लाखांत नफ्याचा एक रुपयाही नाही. पुढच्या वर्षी वजावट मिळेल हे मान्य, पण तोवर खेळते भांडवल गेलेले असते आणि बँकेचे व्याज माझ्या माथी असते. २०२४च्या जानेवारीनंतर मी तीन लहान मागवाल्यांची खरेदी थांबवली आणि तोच माल या कलमाबाहेरच्या मध्यम उद्योगाकडून घेतला. मला ते आवडले नाही, पण दुसरा मार्ग दिसला नाही.

कर सल्लागार, कोल्हापूर

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. हे कलम वर्षातून एकदाच, ३१ मार्चला, डोळे उघडते. १० एप्रिलला स्वीकारलेल्या मालाचे पैसे पुढच्या वर्षी ३० मार्चला दिले, तरी देणे त्याच आर्थिक वर्षात झाल्यामुळे खरेदीदाराच्या आयकरात काही फरक पडत नाही. उलट, करार नसताना १ फेब्रुवारीला घेतलेल्या मालाचे पैसे ५ एप्रिलला दिले, तर पूर्ण रक्कम आधीच्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाते. जीएसटीसारखी देणी विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरली तरी चालतात. ती सोय इथे मुद्दाम ठेवलेली नाही.

त्यामुळे मार्चअखेर धावपळ होते आणि एप्रिलपासून जुनी उधारी पुन्हा सुरू होते. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे, असे २००६चा कायदा सांगतो, आणि त्या व्याजाची वजावटही मिळत नाही. पण ते व्याज मागितले की पुढची ऑर्डर जाते. त्यामुळे माझ्या ओळखीच्या एकाही मागवाल्याने ते मागितलेले नाही.

यंत्रमागधारक, इचलकरंजी

वर्षातून एकदा का होईना, हिशेब चुकता होतो, हे माझ्यासाठी लहान नाही. पूर्वी तेवढेही होत नव्हते. माल मध्यम उद्योगाकडे वळवण्याबद्दल मात्र मला बोलायचे आहे. १ एप्रिल २०२५पासून लघू उद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी वाढली आहे, त्यामुळे तेव्हा मध्यम असलेले कितीतरी कारखाने आता याच कलमाखाली आले आहेत. ती पळवाट बरीच अरुंद झाली आहे. माझ्यापुढे मात्र दुसरेच आले. एका खरेदीदाराने छापील पत्र पाठवले, त्यात 'आमची उद्यम नोंदणी रद्द केली आहे' असे वाक्य आधीच टाईप केलेले होते आणि खाली माझ्या सही-शिक्क्यासाठी जागा सोडलेली होती. नोंदणी नसली की हे कलम लागत नाही, म्हणून ही युक्ती. मी सही केली नाही. अशी सही मागणाऱ्यावर काही कारवाई व्हावी, अशी तरतूद मला हवी आहे. मुदत वाढवून नको.

घाऊक कापड व्यापारी, मुंबई

असे पत्र मी कधी पाठवलेले नाही आणि ते पाठवणाऱ्यांचे समर्थनही करणार नाही. मात्र व्यापाऱ्यालाही याच कायद्याचे संरक्षण द्या, ही माझी मागणी कायम आहे. आपल्याशी ४५ दिवसांचा लेखी करार करायला मी उद्याही तयार आहे, फक्त माझ्याकडून माल नेणाऱ्यालाही तेवढ्याच दिवसांचा करार करणे भाग पडले पाहिजे.