आई फ्लॅटमध्ये यायला तयार नाही, काय करावं?

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचं सोलापुरात पूर्व भागात जुनं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत वडिलांचे दोन यंत्रमाग होते, मागच्या खोलीत आम्ही सहाजण. भाकरीच्या टोपलीवरसुद्धा सुताची कणी बसायची. तेव्हा अडचण वाटली नाही, खोटं कशाला बोलू. आता मुलाला स्वतंत्र खोली हवी, सुनेला अटॅच्ड बाथरूम, म्हणून जुळे सोलापूरला टू बीएचके बघतोय. आई म्हणते, "हौद कुठाय तिथं? आठवडाभर पाणी नाही आलं तर?" तिचं चूक नाही, सोलापुरात नळाला रोज पाणी येतं कुठं! शिवाय उन्हाळ्यात ती गच्चीवर झोपते.

बिल्डर ९५० फूट सांगतोय, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारलं की विषय बदलतो. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नियमाप्रमाणे कार्पेटवरच विक्री हवी ना?

जुनं घर पाडून तिथंच वर मजला चढवलेलं कुणी आहे का? जागा जेमतेम ६०० फूट, गल्ली अरुंद. साधारण खर्च किती आला? बांधकाम परवान्याला किती दिवस लागले? आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पाण्याचं खरं खरं सांगा, आईला वाचून दाखवणार आहे.