मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना पंधरा, असं का?

केळीबाग, यावल
नमस्कार मंडळी. लेकीचं बाळंतपण डिसेंबरात आहे, ती न्यूजर्सीला असते. मी आणि हे पहिल्यांदाच एवढ्या लांब निघतोय. जावयांनी मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाची तिकिटं काढली. सुटायची वेळ रात्री 1, पोचायची सकाळी 6.30, तारीख तीच! ह्यांनी वहीत हिशेब मांडला: अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेग ताशी 900, म्हणजे चौदा तास. जावई म्हणतात सोळा, आणि परतीला पंधरा. ह्यांचे गुडघे धरतात, शुगरच्या गोळ्या वेळेवर लागतात. म्हणून खरे तास किती ते मला नक्की कळायला हवं.

निवृत्त गार्ड, भुसावळ
ताई, जावई बरोबर सांगताहेत. डिसेंबरात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. तुमचं विमान रात्री 1 ला सुटेल तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे दुपारचे अडीच. तिथून सकाळी साडेसहापर्यंत मोजा, सोळा तास भरतात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या छापतात.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वरही जातो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. कसारा घाटात इगतपुरीकडे चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, उतरताना लागत नाही. किलोमीटर मात्र तेवढेच. आयुष्यभर गाडीवर असताना आम्ही अंतर कधी पाहिलं नाही, टाइमटेबल पाहिलं. तुम्हीही तेच धरा.

शिरपूरचा, सध्या पुण्यात
काका म्हणतात ते खरं, पण रस्ताही बघा. साडेबारा हजार हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो अरबस्तानावरून जात नाही. रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलँडच्या बाजूने वर चढून कॅनडात उतरतो. सपाट नकाशावर हीच वाट वाकडी दिसते. विमानाला ती नेमकी मिळत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना समुद्रावरून वळसा पडला. शिवाय छापील वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याची मिनिटंही धरलेली असतात.

नर्सताई, अमळनेर
ताई, सोळा तास फक्त विमानातले. यावलहून भुसावळ, रात्रीची गाडी, विमानतळावर तीन तास आधी, हे सगळं धरा. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. गोळी कोणत्या घड्याळाने घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या; हे अंदाजाने करू नका. दादांना आतल्या बाजूची, येण्याजाण्याच्या वाटेलगतची सीट मागा. तास-दीड तासाने उठून फिरायला लावा, पाणी पाजा, नाहीतर पायांना सूज येते. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत.

केळीबाग, यावल
सगळ्यांचे खूप आभार. ह्यांनी वहीतला हिशेब खोडून वरती 16 लिहिलंय. गोल शेजारच्या पोराकडून आणला, दोरा खरंच ग्रीनलँडला टेकला! उद्या डॉक्टरांकडे जातो. नर्सताई, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि लेकीसाठी डिंकाचे लाडू नेता येतात का, तेवढं सांगा.

नर्सताई, अमळनेर
लाडू नीट पॅक करा आणि तिथे उतरल्यावर कस्टमवाल्यांना खाण्याचं सामान आहे असं सांगा, लपवू नका. पिठाचंही तसंच. ताजी फळं मात्र नेऊ नका, केळीसुद्धा.