मदत हवी आहे: फौंड्रीत नवी सुरक्षा साधनं घ्यायची आहेत, मालकांना हिशेब कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंग खातं (ओतलेले जॉब साफ करायचं) माझ्याकडं आहे. रायझर (जॉबला राहिलेला जादा धातूचा खुंट) तोडणं, चिपिंग म्हणजे छिन्नीनं छिलणं, ग्राइंडिंग म्हणजे घासणं, सगळं इथंच होतं. यंदा मालक नवी साधनं घ्यायच्या विचारात आहेत. ग्राइंडिंगवाल्यांना बॅटरीच्या पंख्यानं गाळलेली हवा देणारी हेल्मेटं, भट्टीवरच्या पोरांना उष्णता परतवणारे चंदेरी एप्रन आणि बिनलेसचे बूट. त्यांचं म्हणणं एकच, "माणसं जपायला पाहिजेत हे मलापण कळतंय की, पण पैसा कसा परत येणार ते कागदावर दाखव." माणूस वाईट नाही, सध्या ऑर्डरीच कमी आहेत.

आत्ता सगळ्यांना साधे मास्क मिळतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते घामानं भिजून नाकाला चिकटतात, दुपारपर्यंत हनुवटीवर येतात. खानापूरकडचा आमचा सगळ्यात चांगला ग्राइंडर टॉवेलच गुंडाळतो. पाळी सुटल्यावर तो टॉवेल उलगडला की आतल्या घडीलाही राखाडी पट्टा दिसतो. साच्याची वाळू सिलिकाची, फुफ्फुसात खोल उतरणारा तिचा कण डोळ्यांना दिसतही नाही, आणि त्या धुळीनं फुफ्फुसाचा सिलिकोसिस हा आजार एकदा झाला की बरा होत नाही. मला याची फार काळजी वाटते.

ही हेल्मेटं आपल्याकडच्या उकाड्यात माणसं पाळीभर घालतात का? फायदा दाखवायला काय काय मोजू? आणि ठेकेदाराच्या माणसांचा खर्च कुणी करायचा?

प्रतिसाद १
दादा, मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो. हेल्मेटाच्या आधी धूळ ओढणारी नळी ग्राइंडिंग मशीनच्या तोंडाशी आहे का ते बघा. धूळ जिथं उडते तिथंच ओढली तर अर्धं काम होतं, मास्क हा शेवटचा अडसर. कपड्यांवरची धूळ एअर गननं (दाबाच्या हवेच्या झोतानं) उडवायची सवय असेल तर ती आजच बंद करा, तिनं बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत जाते.

गाळलेली हवा तोंडावर येत राहते म्हणून माणसं हेल्मेट टिकवून घालतात. वजनाची तक्रार होईल, म्हणून आधी दोन-तीनच मागवा आणि तुमच्या त्या टॉवेलवाल्याला पहिलं द्या. त्यानं घातलं तर बाकीचे घालतील. बाकी ठिकाणी आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला एफएफपी-२ दर्जाचा धूळ गाळणारा मास्क चालेल, पण दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

हिशेबासाठी डोळ्यात कण गेल्यानं वाया गेलेले तास, खाडे, आणि बदली माणसाच्या हातून जास्त घासून बाद झालेले जॉब, एवढं आत्तापासून वहीत लिहा. पैसा इथंच मुरतो. हातखंडा ग्राइंडर टिकला की रिजेक्शन उतरतं. पण सिलिकोसिस नफ्याच्या रकान्यात घालू नका. तो वर्षांनी उमटतो, यंदाच्या ताळेबंदात दिसणारच नाही. तिथं कायदाच पुढं करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. ठेकेदाराचा माणूसही तुमच्याच छपराखाली धूळ खातो, त्याला वगळू नका.

प्रतिसाद २
भट्टीवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. बूट बिनलेसचेच घ्या आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवायला लावा. वितळलेल्या धातूचा रस उडून बुटात शिरला तर लेस सोडेपर्यंत पाय जातो. दुसरं म्हणजे बेळगावच्या पावसात उघड्यावरचं भंगार भिजतं, ते तसंच भट्टीत टाकलं तर पाण्याची एकदम वाफ होऊन रस उसळतो. तिथं एप्रन किती पुरणार? भंगारावर आधी छप्पर घाला, एप्रनापेक्षा स्वस्त पडेल.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. नळी आहे, पण तिची धूळ साठणारी पिशवी तुंबलेली असते, ती उद्याच उतरवून बघतो. वही सुरू करतो. सूचनांचा फलक मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्हींत करायचाय. कन्नडात नीट लिहून देणारं कुणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.