मदत हवी आहे: म्युनिक युनिव्हर्सिटीचं 'कॉलेज' कोणतं लिहायचं? बँकेत कर्ज अडलंय

निशिगंध
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. मुलीला म्युनिक युनिव्हर्सिटीत एमएस्सीला प्रवेश मिळालाय. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो, तर तिथले साहेब म्हणतात फॉर्ममधले तीन रकाने भरून आणा: कॉलेजचं नाव, कॉलेजचा रँक आणि वर्षाची फी, तीही कॉलेजच्या लेटरहेडवर. प्रवेशपत्रावर कॉलेजचा उल्लेखच नाही. मुलगी म्हणते तिकडे कॉलेज नसतंच. साहेबांचं म्हणणं, पुणे विद्यापीठाला शेकडो कॉलेजं आहेत, मग एवढ्या मोठ्या विद्यापीठाला एकही नाही हे कसं? फी शून्य आहे म्हटल्यावर तर फाईल बाजूलाच ठेवली. फुकट शिकवणारं विद्यापीठ दर्जाचं कशावरून, म्हणाले. रकान्यात काय लिहू ते कुणीतरी नीट सांगा. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहावं ही विनंती.

चिंचबन
विषय कोणता? आणि कोणती युनिव्हर्सिटी?

निशिगंध
वर लिहिलंय की, म्युनिक युनिव्हर्सिटी. विषय फिजिक्स.

आबा_सातारकर
ताई, रागावू नका, पण एमएस्सी कशाला? माझा भाचा श्टुटगार्टजवळ आउसबिल्डुंग, म्हणजे पगारी व्यावसायिक प्रशिक्षण करतोय, मेकॅट्रॉनिक्समध्ये. पहिल्या महिन्यापासून पगार हातात, कर्ज नाही, बँकेच्या पायऱ्या नाहीत. जर्मन भाषा मात्र बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत पक्की हवी. विचार करून बघा.

निशिगंध
आबा, तिला संशोधनात जायचंय. प्रवेशही झालाय. प्रश्न बँकेचा आहे.

गार्शिंगकर
निशिगंधताई, चिंचबन यांनी विचारलं ते महत्त्वाचं आहे. म्युनिकमध्ये सरकारी विद्यापीठं दोन आणि दोन्ही प्रचंड. एक लुडविग-माक्सिमिलियान, म्हणजे एलएमयू. दुसरं टेक्निकल युनिव्हर्सिटी, म्हणजे टीयूएम. दोन्हींकडे प्रत्येकी पन्नास हजारांवर विद्यार्थी आहेत आणि दोन्हींकडे फिजिक्स आहे. शिवाय होखशूल म्युन्शेन नावाची तिसरी संस्था आहे, ती उपयोजित शिक्षणाची. आपल्याकडे सगळे सरसकट 'म्युनिक युनिव्हर्सिटी' म्हणतात आणि मग घोळ होतो.

हे विचारतोय कारण तुमचा फीचा रकाना पूर्ण त्यावर ठरतो. म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियाच्या नव्या कायद्याने २०२३ पासून विद्यापीठांना युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची मुभा आहे. टीयूएमने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून ती सुरूही केली. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी एका सत्राचे ४,००० किंवा ६,००० युरो. एलएमयूत अशी फी नाही, फक्त विद्यार्थी सेवा संस्थेची वर्गणी, शंभर युरोच्या आत. मुलगी शून्य म्हणते म्हणजे एलएमयू असणार. तरी पत्राच्या वर डाव्या कोपऱ्यात काय छापलंय ते बघून सांगा.

रँकवाला
टीयूएम असेल तरच पाठवा. क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत २०२५ मध्ये टीयूएम २८, एलएमयू ५९. टाइम्सच्या क्रमवारीत २०२५ मध्ये टीयूएम २६, एलएमयू ३८. आकडे समोर आहेत. बँक रँक मागते तेव्हा ती बरोबरच मागते.

गार्शिंगकर
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. हे क्रमांक आख्ख्या विद्यापीठाचे आहेत. एलएमयूत कॅथलिक थिऑलॉजीपासून पशुवैद्यकापर्यंत सगळं चालतं, त्या सगळ्याची सरासरी काढून फिजिक्सबद्दल काय कळणार? दुसरं म्हणजे जर्मनीतलं बरंचसं मूलभूत संशोधन माक्स प्लांक नावाच्या स्वतंत्र संशोधन संस्थांमध्ये होतं आणि त्या विद्यापीठाचा भाग नाहीत. म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये क्वांटम ऑप्टिक्सची, खगोलभौतिकीची अशा माक्स प्लांक संस्था हारीने उभ्या आहेत. विद्यार्थी तिथे प्रबंधाचं काम करतात, पण पदवी विद्यापीठ देतं. २०२३ चं फिजिक्सचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते फेरेंक क्राउस एलएमयूत प्रोफेसर आणि त्याच वेळी माक्स प्लांकचे संचालक. २००५ चे थिओडोर हेन्श तसेच. रँकिंगच्या तक्त्यात ही दुहेरी नाती नीट बसत नाहीत. जर्मनीतलं सीएचई रँकिंग तर पहिला-दुसरा असे क्रमांकच देत नाही, विषयवार गट पाडतं.

रँकवाला
नोकरी देणारा एचआर माक्स प्लांक बघत नाही, ब्रँड बघतो. मी स्वतः इंडस्ट्रीत आहे, रोज अनुभवतो.

गार्शिंगकर
तिला संशोधनात जायचंय असं ताईंनी वर लिहिलंय.

लेजरबुक
मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. वाद थोडा बाजूला ठेवा. ताई, त्या साहेबांना फाईलवर टिपण लिहायचं असतं: संस्था मान्यताप्राप्त आहे का, अभ्यासक्रमाचा खर्च किती, परतफेड कशी. छापील फॉर्म देशातल्या कॉलेजांसाठी बनलेला आहे, म्हणून त्यात कॉलेज आहे. तिथे 'संस्था' समजून विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहा आणि खाली फॅकल्टीचं. फी शून्य असली तरी खर्च शून्य नाही हे दाखवा. राहण्याचा खर्च, विमा, विमानभाडं, सगळं. आता सांगा: कर्ज किती मागताय? तारण देताय का? ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, उघडलंय का? एपीएस, म्हणजे भारतीय कागदपत्रांची जर्मन पडताळणी, झालंय का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

निशिगंध
एपीएस झालंय, ते केल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही ना आता. ब्लॉक्ड अकाउंटसाठीच तर कर्ज हवंय! बाकी कशाला? ते ११,९०४ युरो. तारण राहतं घर. मुलगी बाहेर आहे, पत्र बघून कळवते.

चिंचबन
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर निम्मे प्रतिसाद वाचले असते.

सदाफुली_पुणे
मुलीचा सीजीपीए किती? माझ्या मुलाचा ८.२ होता. आपले गुण जर्मन मोजपट्टीवर आणायच्या बव्हेरियन सूत्राने काढला: कमाल १० वजा ८.२, म्हणजे १.८, भागिले कमाल वजा किमान उत्तीर्ण म्हणजे १० वजा ४, गुणिले तीन, अधिक एक. आला १.९. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, हे लक्षात घ्या.

कोहिनूर_भाऊ
किमान उत्तीर्ण ४ सगळीकडे नसतं. आमच्या विद्यापीठात ५ होतं. ५ धरलं तर तोच ८.२ येतो २.०८ वर. जिथे अट २.० ची असते तिथे एवढ्या फरकाने अर्ज बाद होऊ शकतो. मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं, तेच धरावं.

सदाफुली_पुणे
आमच्या मार्कशीटवर ४ होतं म्हणून ४ धरलं. मी चुकीचं सांगितलेलं नाही.

निशिगंध
प्रवेश झालेला आहे हो. गुणांचा प्रश्न नाही.

गार्शिंगकर
पत्र येईपर्यंत 'कॉलेज नसतंच' हे साहेबांना कसं समजवायचं ते लिहितो, कारण खरी अडचण तीच आहे.

आपल्याकडचं विद्यापीठ मुख्यतः संलग्न कॉलेजांची परीक्षा घेतं आणि पदवी देतं. जर्मन विद्यापीठ स्वतः शिकवतं, स्वतः परीक्षा घेतं, स्वतः पदवी देतं. मधे कुणी नाही. एलएमयूत १८ फॅकल्टी आहेत. त्यांना क्रमांक असतात आणि ते २० पर्यंत जातात, मधले काही आता वापरात नाहीत. फिजिक्स म्हणजे फॅकल्टी १७. प्रत्येक फॅकल्टीला डीन, शिक्षणाचं बघायला वेगळा स्टडी डीन. फॅकल्टीत इन्स्टिट्यूट आणि त्यातही मुख्य एकक म्हणजे लेअरश्टूल: एक प्रोफेसर, त्याचे सहायक, पीएचडीचे विद्यार्थी, प्रयोगशाळा, सेक्रेटरी. मुलीचा प्रबंध अशाच एका लेअरश्टूलखाली होईल. वरती प्रेसिडेंट आणि त्यांचं मंडळ, शैक्षणिक बाबींसाठी सेनेट आणि बाहेरचे सदस्य असलेली एक परिषद. पैसा मुख्यतः बव्हेरिया राज्याचा, कारण तिथे शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. बहुतेक प्रोफेसर राज्याचे सरकारी नोकर. म्हणून फी नाही. खर्च करदाता उचलतो, याचा दर्जाशी काही संबंध नाही.

कॅम्पसही एका कुंपणात नाही. मुख्य इमारत शहराच्या मध्यावर, सैद्धांतिक भौतिकीचं आर्नोल्ड सोमरफेल्ड सेंटर जवळच थेरेझीनस्ट्रासेवर, काही प्रयोगशाळा गार्शिंगला, वैद्यकीय आणि जीवशास्त्राचं बरंचसं ग्रोसहाडर्न-मार्टिन्सरीडला. मुख्य इमारतीपासून यू६ मेट्रोने थेट गार्शिंगला जाता येतं.

रँकवाला
टीयूएमने मात्र फॅकल्टी मोडून सात 'स्कूल' केली. आधुनिक व्यवस्थापन म्हणतात ते हे.

गार्शिंगकर
केली, आणि त्यावर तिथल्याच लोकांची मतं दोन्ही बाजूंची आहेत. ताईंच्या फाईलला त्याचा उपयोग नाही.

भांडारकर_रोड
थोडं अवांतर. जर्मन विद्यापीठांचा दर्जा कशावरून असं पुण्याच्या बँकेत विचारलं गेलं, म्हणून लिहावंसं वाटलं. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्ट्स कीलहॉर्न पुढे ग्योटिंगेनला प्रोफेसर झाले आणि रा. गो. भांडारकरांना त्याच ग्योटिंगेनने १८८५ साली डॉक्टरेट दिली. हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधल्या ग्युंटर सोंथायमर यांनी खंडोबा, धनगर यांवर केलेलं काम तर आपल्या अभ्यासकांना आजही घ्यावं लागतं. ही सगळी सरकारी विद्यापीठंच.

आबा_सातारकर
सोंथायमर जेजुरीला यायचे. फार मोठा माणूस.

मीरा_म्युनिक
मी एलएमयूतून मास्टर्स केलंय, विषय वेगळा. दर्जाबद्दल एवढंच सांगते: हे विद्यापीठ १४७२ ला इंगोलश्टाटमध्ये सुरू झालं, १८०० मध्ये लांड्सहूटला गेलं आणि १८२६ मध्ये म्युनिकला आलं. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गनी १९२३ मध्ये डॉक्टरेट इथेच घेतली, सोमरफेल्ड यांच्याकडे.

आणि एक गोष्ट मुलीला जरूर दाखवा. मुख्य इमारतीसमोरच्या चौकात फरसबंदीत पत्रकं बसवलेली आहेत, कुणाच्या हातून नुकती पडल्यासारखी. पाय ठेवायच्या आधी माणूस थबकतो. हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी १८ फेब्रुवारी १९४३ ला याच इमारतीत हिटलरविरोधी पत्रकं टाकली, तिथल्या शिपायाने पकडून दिलं आणि चारच दिवसांनी दोघांचा शिरच्छेद झाला. त्यांच्यासोबत असलेले प्रोफेसर कुर्ट हूबर यांनाही त्याच वर्षी मारलं. मी रोज त्या चौकातून जायचे. विद्यापीठ कशाला म्हणायचं, ते मला तिथे कळलं.

घरासाठी मात्र आजपासूनच नाव नोंदवा. वसतिगृहाची रांग फार लांब असते आणि खाजगी खोल्या म्युनिकमध्ये महाग.

निशिगंध
पत्र बघितलं. वर एलएमयू, लुडविग-माक्सिमिलियान्स-युनिव्हर्सिटेट म्युन्शेन असंच आहे. खाली फाकुल्टेट फ्यूर फिजीक. म्हणजे फी खरंच शून्य. पण आता नवीन अडचण, पत्रावर सहीच नाही! साहेब पहिलं तेच विचारणार.

गार्शिंगकर
अगदी खालच्या ओळीत बारीक अक्षरात बघा. संगणकावर तयार झालेलं, सहीशिवाय वैध, असं बहुतेक लिहिलेलं असेल. त्या ओळीचं भाषांतर सोबत जोडा. तरी ऐकलं नाहीत तर मुलीने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून इंग्रजीतून प्रवेशाची खातरजमा मागावी. उत्तर विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलं की तेही फाईलला लावा.

मान्यतेसाठी 'होखशूलकोम्पास' या संकेतस्थळावरची नोंद छापून न्या. जर्मन विद्यापीठप्रमुखांच्या परिषदेचं आहे ते. त्यात संस्था सरकारी आहे की खाजगी, डॉक्टरेट देण्याचा हक्क आहे की नाही, विद्यार्थी किती, सगळं एका पानावर असतं. शिवाय उत्तम विद्यापीठं निवडणाऱ्या २०१९ च्या 'एक्सलन्स' योजनेत देशभरातून दहा विद्यापीठं आणि बर्लिनचा एक गट निवडला गेला, त्यात एलएमयू आहे. रँकच्या रकान्यात क्यूएसचा आकडा लिहा आणि त्याखाली हे लिहा.

लेजरबुक
हे कागद पुरेसे आहेत. आता माझा मुद्दा ऐका, नाहीतर पुढे अडकाल. व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला आधी लागतो आणि काही शाखा व्हिसा आल्यावरच पैसे सोडतात. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून अर्जातच लिहून द्या की रक्कम प्रवेशपत्राच्या आधारे थेट ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पाठवावी. व्हिसा नाकारला गेला तर ती रक्कम परत येते, हा नियम खातं उघडणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या आणि जोडा. मंजुरीपत्रात ही अट आली की नाही ते वाचल्याशिवाय सही करू नका. शाखेत हलत नसेल तर विभागीय कार्यालयात शैक्षणिक कर्जाचं वेगळं टेबल असतं, तिथे जा.

कोहिनूर_भाऊ
लेजरबुक यांचं बरोबर आहे. आमचं याच एका ओळीवरून अडलं होतं.

निशिगंध
बारीक ओळ सापडली, सहीशिवाय वैध असंच आहे. लेजरबुक, रक्कम थेट पाठवायचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. गार्शिंगकर आणि मीरा, तुमचेही. सगळे कागद घेऊन विभागीय कार्यालयातच जातो आता. मुलगी विचारतेय, तिथे प्रत्यक्ष नावनोंदणी करताना विमा आधी लागतो का?

मीरा_म्युनिक
हो, विमा आधी. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते, तुमच्या हातात कागद नसतो. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग महिन्याच्या मध्यावर. नावनोंदणीची तारीख प्रवेशपत्रातच असते आणि ती कुणासाठी पुढे ढकलत नाहीत. व्हिसाला उशीर होईल असं दिसलं तर लगेच लिहा, तारीख उलटल्यावर नको.

पारिजातक
माझ्या मुलाला हायडेलबर्गला मिळतंय. सरकारीच आहे, म्हणजे तिथेही फी शून्य ना?

गार्शिंगकर
नाही. हायडेलबर्ग बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं. तिथे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. आणि वेगळा धागा काढा, त्यात विषय, पत्र कुणाकडून आलं आणि कोणतं सत्र हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.