मदत हवी आहे : हिल्समध्ये पॅड नीट बसवून देणारा कारागीर

नवी पेठेत किंवा जवळपास सँडलच्या आत मोजून पॅड चिकटवणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? साडीच्या दुकानात दिवसभर हिल्सवर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी हवाय.

तयार जेलची गादी नको. टाच उंचावली की शरीराचा भार चवड्यावर येतो. गादी नेमकी तिथेच, बोटांच्या मुळाशी ठेवली तर आतली जागा आणखी कमी होते आणि बोटं चेपतात. पॅड चवड्याच्या हाडांच्या थोडं मागे, कमानीच्या बाजूला हवं, म्हणजे भार पसरतो. त्यासाठी चवड्याच्या दुखऱ्या जागी लिपस्टिक लावायची, सँडल घालून उभं राहायचं, आतल्या तळावर ठसा उमटतो. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या मागेच संपली पाहिजे. हे समजून घेणारा माणूस हवा, नुसता गोंद लावणारा नको.

टाच कापून कमी करणारेही सुचवा, पण एक सेंटीमीटरच्या आतच. त्याहून जास्त कापली की सँडलचा पुढचा भाग वर उचलतो आणि चालताना तोल जातो.

नवीन जोड घ्यायचे झाले तर ५ सेंमीपर्यंतची रुंद टाच, पुढे गोल आणि घोट्याला पट्टा असलेले कुठे मिळतात? पट्टा नसला की पाय पुढे घसरतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतानाच मापं घेणार आहोत, त्यामुळे उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान सांगा. दर माहीत असेल तर तोही लिहा.