मदत हवी आहे: थकलेल्या चलनावरून भावाच्या नावाने वॉरंट

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे. माझा धाकटा भाऊ सध्या बोटीवर नोकरीला आहे. त्याच्या स्कूटरचं हेल्मेटचं जुनं चलन कोर्टात गेलं आणि काल हवालदार जामीनपात्र वॉरंट घेऊन घरी आले. आई तेव्हापासून जेवलेली नाही. आरसी बुकावर आमचा जुना भाड्याच्या घराचा पत्ता आहे, त्यामुळे समन्स आमच्या हाती आलंच नाही.

दंड १००० रुपयांचा, तो आजच भरू. पण नुसतं ऑनलाइन भरून वॉरंट जात नाही, कोर्टानेच ते रद्द करावं लागतं, एवढं मला कळलंय. तारखेला कोणीच उभं राहिलं नाही तर पुढे अजामीनपात्र निघेल ही मोठी भीती.

भाऊ हजर नसताना वकील वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देऊ शकतात का? बोटीवरून वकीलपत्रावर सही करून कशी पाठवायची? त्याचं कामाचं करारपत्र जोडलं तर न्यायाधीश पुढची तारीख देतात का? पेडणे किंवा म्हापशाच्या कोर्टात कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा. भाऊ मोपा विमानतळावर उतरेल तेव्हा त्याला अडवतील का, हे आई सारखं विचारते.