'जस्ट वॉर' : धर्मयुद्ध की न्याय्य युद्ध?

पैलतीर:
जीनिव्हा करारांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'जस्ट वॉर'ला 'धर्मयुद्ध' लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'न्याय्य युद्ध' केलं. धर्मयुद्ध म्हणजे क्रूसेड, धर्माच्या नावाने केलेली लढाई, असं त्यांचं म्हणणं. पण 'न्याय्य'मध्ये फक्त युद्धाचं कारण येतं, लढायची रीत येत नाही. आणि हे करार तर रीतीबद्दलच आहेत.

मुळाक्षर:
संपादक चुकले. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही बाजू नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढावं, पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर, सारथ्यावर, शस्त्रं पुरवणाऱ्यांवर, भेरी-शंख वाजवणाऱ्यांवर वार करू नये. समोरचा कोणत्या धर्माचा, याचा इथे संबंधच नाही. इतका नेमका अर्थ आपण का सोडायचा?

रानवाट:
वाचकाने तो कधीच सोडलाय. पेपरात 'धर्मयुद्ध' दिसलं की डोळ्यांपुढे जेरुसलेम येतं नाहीतर जिहाद. जखमी आणि युद्धकैद्यांना वाचवणाऱ्या १९४९च्या करारांवर तो शब्द छापलात तर अनर्थ होईल. 'न्याय्य'च ठेवा.

मुळाक्षर:
मग 'धर्म्य युद्ध' घ्या, म्हणजे धर्माला, नियमाला धरून केलेलं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हेच विशेषण आहे: 'धर्म्याद्धि युद्धाच्छ्रेयोऽन्यत्'.

रानवाट:
लोक मुद्रणदोष समजतील.

कृष्णाकाठ:
ते नियम टिकले कुठे? सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना मारतो. कौटिल्य निदान सरळ सांगतो. प्रकाशयुद्ध (उघड), कूटयुद्ध (कपटाचं), तूष्णींयुद्ध (गुप्तपणे केलेलं) असे तीन प्रकार; बळ जास्त असेल तर उघड लढा, नाहीतर कूट. मग गनिमी कावाही कूटयुद्धच. तो अधर्म म्हणायचा का?

ओवी:
'कावा' म्हणजे घोडा गोल फिरवणं, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात आहे. डाव हा अर्थ त्यावरूनच आला असणार. आमची आजी मात्र 'कावेबाज' शिवीसारखंच वापरायची. आणि 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगल हे मराठ्यांना म्हणायचे, तेच नाव आज आपण अभिमानाने घेतो.

मुळाक्षर:
थोड्या फौजेने डोंगराच्या आडून लढण्यात अधर्म कसला? रयतेला नाडणं हा अधर्म. चिपळूणच्या छावणीला महाराजांचं पत्र आहे: कुणब्यांकडून दाणा, गवत, लाकूड ओढून आणू लागलात तर लोकांना वाटेल, यापेक्षा मोगल बरे.

कृष्णाकाठ:
मग १६६४ची सुरत? तिथले सावकार रयतेत धरायचे की नाही?

मुळाक्षर:
सुरत मोगलांची होती. शिवाय आधी निरोप धाडून खंडणी मागितली होती, ती आली नाही तेव्हा लूट झाली. खंडणी वेगळी, लूट वेगळी.

ओवी:
'खंडणी' नक्की कशावरून? 'खंडून घेणे'वरून असेल, तर त्यात ठराव आहे, नुसती जबरदस्ती नाही.